सॅम्पलच्या रोट्या

काम मागायला घराबाहेर पडलं की काम मिळेलच याची खात्री नाही, पण संध्याकाळी सांगायला काहीतरी मिळतंच. गेल्या उन्हाळ्यात मला कामं किती मिळाली ते विचारू नका. पण हे असलं काहीबाही इतकं साचलं की भाजीच्या पिशवीच्या तळाशी कोथिंबिरीच्या काड्या साचतात ना, तसं झालं. पिशवी झटकली की एखादी निघतेच! गल्लीतल्या बाया ओट्यावर बसल्या की म्हणतात, "प्रीती, सांग वं, त्या दिवशी काय झालं तं." मी सांगते. त्या हसतात. मीही हसते. पण ते घडत होतं तेव्हा मी हसत नव्हते, हे मला आठवत असतं.

आधी काम काय ते सांगते. मी आणि मंदाकाकू लांब रोट्या करतो. समुद्रपूरला आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून काकू राहते. पन्नाशीच्या पुढची आहे, एकटी आहे आणि कोणाला भीत नाही. रोटी मी तिच्याकडूनच शिकले. गव्हाचं पीठ कपड्यातून चाळायचं, सैल भिजवायचं, परातीत आपटून आपटून रबरासारखं करायचं. मग गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या तापल्या मटक्यावर फेकायचा. मिनिटभरात रोटी तयार. रुमालासारखी घडी घालायची. मटणाच्या रश्श्यासोबत खा, नाहीतर आमरसासोबत.

आमच्या भागात लग्नाला, पार्टीला ही रोटी लागतेच. पण ज्याच्या त्याच्या रोटीवाल्या बाया ठरलेल्या असतात. नव्या बाईला कोणी चटकन चुलीपाशी बसू देत नाही.

आणि मला तर ते काम पाहिजेच होतं. माझी सान्वी अडीच वर्षांची आहे. तिला ताप चढला की झटके येतात. दोनदा आले. डॉक्टर म्हणाले, मोठी होईल तशी यातून निघेल, तोवर ताप चढू द्यायचा नाही. सांगायला किती सोपं! दुसऱ्यांदा झटका आला तेव्हा मी नळावर होते. सासूबाई घाबरल्या आणि पोरीला खाटेवर तशीच टाकून लोकांना बोलवायला रस्त्यावर धावल्या. त्या दिवसापासून मी सान्वीला सोडून कुठे जात नाही. झोपेतसुद्धा माझा हात तिच्या कपाळावर असतो.

तिचे बाबा मालवाहू ऑटो चालवतात. एकट्याच्या कमाईत भागत नव्हतं. हिंगणघाटला एका सूतगिरणीत माझ्यासाठी जागा होती. आठ तासांची पाळी, आणि आत मोबाइल नेता येत नाही. सान्वीचे बाबा म्हणाले, "मे महिन्यापर्यंत पाह्य तुह्या रोटीचं. एक तरी पक्कं गिऱ्हाईक भेटलं तं ठीक. नाई तं जूनपासून गिरणी." माणूस वाईट नाही. पण महिने मोजून दिले.

तेव्हा मार्च चालू होता.

*

सगळ्यात आधी आम्ही गेलो गावातल्याच एका खानावळीत. मालक गल्ल्यावर बसून मोबाइल पाहत होता. काय काय बोलायचं ते मी घरून पाठ करून गेले होते. आम्ही कोण, कुठे राहतो, रोटी कशी करतो, स्वच्छता कशी ठेवतो. तिथं गेल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "रोटी पाहिजे का?"

मालकानं मान वर न करता सांगितलं, "नाई बाई, आमचं जेवण झालं."

काकूनं मला कोपरानं बाजूला केलं आणि स्वतः बोलली. तो म्हणाला, "ठीक आहे, सॅम्पल आणा." हा शब्द तेव्हा मला फार चांगला वाटला. कोणीतरी आपलं काम पाहायला तयार आहे, असं वाटलं. पुढं तीन महिने तोच ऐकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा रोट्या नेल्या. मालकानं खाल्ल्या, त्याच्या भावानं खाल्ल्या, आचाऱ्यानं खाल्ल्या. मालकानं बोटं चाटली. मग रुमालानं हात पुसत म्हणाला, "बाई, रोटी एक नंबर! नरम आहे, चव आहे. फक्त एक बदल करा."

"काय?" मी घाईघाईनं विचारलं.

"लांबी कमी करा. आमच्या ताटात मावत नाई."

घराच्या दारात आल्यावर काकू म्हणाली, "अवं, मग तो पोळीच काऊन नाई खात मेला!"

*

एप्रिलमध्ये अल्लीपूरच्या एका मोठ्या घरून निरोप आला, सॅम्पल घेऊन या. रोटीला मटका आपलाच न्यावा लागतो. नव्या मटक्याला रोटी चिकटते. वापरून वापरून काळाभोर झालेला मटकाच कामाचा. आम्ही तो एका जुन्या लाल लुगड्यात बांधला आणि हिंगणघाटच्या गाडीत चढलो.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या कडेवर सान्वी, खांद्याला पिठाची पिशवी. कोणी उठायला तयार नाही. काकूला गाडी लागते, म्हणून तिच्या हातात लिंबू. डोळे मिटून ती लिंबाचा वास घेत होती आणि ओकारी दाबायला तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. त्या दिवशी अमावस्या होती. आम्ही अमावस्या पाळत नाही, त्यामुळे आमच्या ध्यानातही नव्हतं. गाडीतल्या बाकीच्यांच्या होतं.

एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मटक्यावरचं लाल कापड सरकलं. काळं बूड बाहेर आलं.

सीटवरच्या बाईनं हळूच विचारलं, "मावशी, याच्यात काय आहे?"

काकूनं डोळे न उघडता सांगितलं, "काही नाई. रिकामा आहे."

"मग कुठं नेता?"

"अल्लीपूरले. एकाच्या अंगणात उलटा ठेवाचा आहे."

ती बाई उठली. तिच्या बाजूची उठली. मागच्या सीटवर एक माणूस झोपला होता, त्यालाही कोणीतरी हलवून उठवलं. बघता बघता दोन सीटं रिकामी! मला मेल्यासारखं झालं. मी काकूच्या कानात म्हटलं, "काकू, खरं काय ते सांगून दे ना."

"आधी पोरीले बसव," काकू म्हणाली. "खरं उतरताना सांगू."

तेवढ्यात कंडक्टर आला. दोन हात लांब उभा राहून त्यानं तिकिटं दिली. पुढं गेला, परत आला, इकडं तिकडं पाहिलं आणि वाकून हळूच म्हणाला, "मावशी, जमत असन तं एक पत्ता मी बी देतो. आमच्या सायबाचा आहे."

*

आता त्याच दिवसाचा अल्लीपुरातला किस्सा.

फोनवर मालकीणबाई म्हणाली होती, "दहा-बारा माणसांच्या हिशोबानं करा, म्हंजे घरातल्या सगळ्यांले चव कळन." मला वाटलं, मोठं घर आहे, मोठा कार्यक्रम असेल, नीट पारखून घेत असतील. आम्ही पोचलो तर अंगणात सडा टाकलेला, खुर्च्या मांडलेल्या, दारात पांढरी गाडी. मटणाचा वास गल्लीपर्यंत आला होता.

त्यांच्या मुलीला, रियाला, पाहायला पाहुणे आले होते!

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मी काकूकडे पाहिलं. एवढ्या दूर मटका घेऊन आलो होतो, परत तरी कसं जाणार? घराच्या मागं चूल मांडून आम्ही रोट्या टाकायला लागलो. सान्वी पायरीवर बसून एका शेळीशी बोलत होती. मी एक रोटी टाकायची आणि हाताच्या मागच्या बाजूनं तिचं कपाळ पाहायचं. पोरीचं कपाळ पिठानं पांढरं झालं.

मागच्या खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. मुलाची आई म्हणाली, "रोट्या कोनं केल्या वो? आजकालच्या पोरींले कुठं येते हे!"

"आमच्या रियानं," मालकीणबाईचा आवाज. "लहानपणापासून आवड आहे तिले."

मिनिटभरात मालकीणबाई रियाला ओढतच मागं घेऊन आली. परातीतलं पीठ घेतलं, पोरीच्या कोपरापर्यंत चोपडलं आणि तशीच तिला आत घेऊन गेली. जाता जाता रिया बिचारी मला विचारते, "ताई, हे नेलपेंटवरून निघते ना?"

सोयरीक जमली. मालकीणबाईनं आम्हाला चहा पाजला आणि म्हणाली, "तुमच्या हाताले यश आहे बाई! लग्नाच्या रोट्या तुमालेच." येताना मी पूर्ण रस्ता सान्वीच्या बाबांना हे कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. पहिलं काम! तेही लग्नाचं!

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "अवो, पाव्हण्यांनी सांगतलं, लग्नानंतर पहिल्या रविवारी रियाच्या हातच्या रोट्या खायच्या. पूर्ण भावकी येऊन राह्यली. तुम्ही येऊन शिकवता का तिले? पंधरा दिवस आहेत."

मी विचारलं, "आणि लग्नाच्या रोट्या?"

"त्या तं मुलाकडच्यांनी त्यांच्या मानसाले दिल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूनं माझ्या हातातून फोन घेतला. "शिकवतो ना बाई, काऊन नाई? पण पंधरा दिवसांत पोरीले जमलंच नाई तं काय करसान? मले आंदणात पाठवसान का?"

*

हिंगणघाटच्या एका माणसानं तर भलतंच केलं. त्याच्या फार्महाऊसवर सॅम्पल दाखवायला गेलो तर तिथं आणखी तीन ठिकाणच्या रोटीवाल्या बाया आल्या होत्या. चार चुली, चार मटके, आठ बाया. सगळ्यांना एकच वेळ दिलेली. त्यानं चारही चुलींवरची रोटी थोडी थोडी खाल्ली, विचार केला आणि म्हणाला, "सगळ्यांच्याच चांगल्या आहेत. आता यातून एकीले कसं निवडू? बाकीच्यांच्या मनाले लागन ना!"

म्हणून त्यानं कोणालाच काम दिलं नाही. परतीला आम्ही आठही जणी एकाच ऑटोत होतो.

*

वर्ध्याला एका कॅटररचं ऑफिस आहे. काचेचं दार, आत एसी. मालकाचा मुलगा बाहेरून शिकून आला आहे, तोच आता सगळं पाहतो. समोर लॅपटॉप. माझ्या खांद्यावर सान्वी झोपलेली. त्यानं आधी एक फॉर्म दिला. नाव, पत्ता लिहिला. शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी' लिहिताना मी अक्षर जरा बारीकच काढलं. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी माझ्यामागं तीन भावंडं होती. पण हे सगळं लिहायला फॉर्मवर जागा नसते.

मग तो काकूकडे वळला. फार अदबीनं बोलत होता, ते सांगायलाच पाहिजे.

"मॅडम, अनुभव किती?"

मॅडम म्हटल्यावर काकूनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मग म्हणाली, "चाळीस वर्षं."

"ओके! आणि याआधीचे क्लायंट?"

"कोण?"

"म्हणजे आतापर्यंत कोणाकोणासाठी केलं?"

"नवरा, सासरा, सासू, चार दीर. अन् त्याहीचे दोस्त."

तो टाइप करत होता की काय, मला दिसलं नाही. "बरं. त्यांचा फीडबॅक कसा होता?"

"आँ?"

मी हळूच सांगितलं, "काकू, त्यांना रोटी आवडली का, असं विचारतात."

काकूनं नीट विचार केला. "आजपर्यंत कोनं ताट परत केलं नाई," ती म्हणाली. "दोघं वारले. पण ते म्हातारपणानं."

"कळवतो," म्हणाला तो. आमच्याकडचा नंबर त्यानं दोनदा वाचून पक्का केला. त्यानंतर माझा फोन वाजला की मी ओले हात झटकत धावायची. रिचार्ज संपल्याचा मेसेज असायचा.

*

मे महिना अर्धा झाला तेव्हा वर्ध्याच्याच एका व्यापाऱ्याच्या घरून फोन आला. कोणीतरी आमचा नंबर दिला होता. मी सवयीनं फोन उचलला आणि म्हटलं, "जयभीम, कोण बोलता?"

पलीकडून एक बाई म्हणाली, "हां... नमस्ते." मला वाटलं, गेलं हे पण. पण नाही, त्यांनी बोलावलं. आमरसाची पार्टी, वीस-पंचवीस मैत्रिणी. आवडलं तर दर महिन्याच्या किटी पार्टीला सांगू म्हणाल्या. दर महिन्याला! मी फोन ठेवला आणि सान्वीला उचलून गोल फिरवलं.

गेलो तर त्या म्हणाल्या, "आप लोक बाहेर अंगणातच बसा हं. पाणी त्या बाहेरच्या नळाचं घ्या."

आता खरं सांगू का, चूल तर अंगणातच लागते. घरात मटका तापवला तर भिंती काळ्या होतील. पाणीही बादलीनं लागतं, ते नळावरूनच घ्यावं लागतं. त्यामुळे त्या बाईनं चुलीला बाहेर ठेवलं का आम्हाला, हे काही कळायला मार्ग नव्हता. मी त्याच विचारात पीठ आपटत होते. काकूच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "पीठ आपलं, मटका आपला, सरपण आपलं. तिचा नुसता आमरस आहे. आता बाहेर कोण अन् आत कोण, तूच सांग!"

रोट्या आत जायला लागल्या. थोड्या वेळानं त्या घरची म्हातारी सासू वॉकर टेकत टेकत अंगणात आली. म्हणाली, "बेटा, आत येईपर्यंत थंडी होऊन जाते. मला इथंच दे." आणि आमची बादली उलटी करून चुलीपाशी बसली. एक रोटी नुसतीच खाल्ली. दुसरीही नुसतीच.

तिला पाहून एक पाहुणी बाहेर आली. मग दोघी आल्या. मग कोणीतरी आमरसाचं पातेलंच उचलून आणलं. भरजरी साड्या नेसलेल्या बाया आमच्या धुरात उभ्या राहून खायला लागल्या. डोळे पुसत होत्या आणि खात होत्या. शेवटी घरची बाई एकटी दारात येऊन उभी राहिली. "अरे, सगळ्या इकडे? आत एवढा एसी लावून ठेवलाय मी!"

म्हातारी घास चावता चावता म्हणाली, "तू जाऊन बैस ना आत. वाया चाललाय तो."

निघताना घरची बाई गोड हसली. "बहोत बढिया झालं. आता पुढच्या आमरसाला नक्की सांगते."

पुढचा आमरस म्हणजे पुढचा उन्हाळा! आणि किटी? किटीचं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, हे बसमध्ये बसल्यावर सुचलं. मला नेहमी बसमध्येच सुचतं.

*

मे संपायला चार दिवस होते. सान्वीच्या बाबांनी गिरणीत द्यायचे कागद एका पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवले होते. आधार कार्ड, फोटो, शाळेचा दाखला. येता जाता ती पिशवी डोळ्यांसमोर.

अशात जाम गावाच्या पुढं हायवेवरच्या एका ढाब्यावरून फोन आला. मालक म्हणाला, "उद्या दुपारी चार वाजता या. रोटी टाकून दाखवा." काकू पुतणीच्या लग्नाला गेली होती. म्हणजे मी एकटी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सान्वीचं अंग कोमट लागलं.

काय करावं? नाही गेले तर जूनपासून रोज आठ तास तिच्यापासून लांब. गेले तर आज तापल्या अंगानं तिला घेऊन चुलीपाशी. मी तिला औषध पाजलं, ओला रुमाल, औषधाची बाटली आणि थर्मामीटर पिशवीत टाकलं आणि निघाले. तिचे बाबा ऑटोनं सोडून गेले. उतरताना एवढंच म्हणाले, "फोन करजो."

ढाब्याच्या मागं टिनाच्या शेडमध्ये चूल होती. दोन खांबांना लुगडं बांधून मी झोळी केली आणि सान्वीला तिच्यात निजवलं. लाकडाच्या ढिगामागं होती ती, समोरून दिसत नव्हती. पण आचाऱ्यासाठी लावलेल्या मोठ्या कूलरचं तोंड नेमकं तिकडंच! मी आचाऱ्याला म्हटलं, "दादा, हा जरा फिरवता का?"

"मालकानं लावला आहे. मालकाले विचारा."

मालक उंचपुरा, मोठ्या मिशांचा माणूस. आल्या आल्याच त्यानं सांगितलं होतं, "तीन रोटीवाल्या येऊन गेल्या इथं. एक बी टिकली नाई. कोणाचं घरी काम निघते, कोणाचं पोरगं बिमार पडते." त्याला काय विचारू मी?

पीठ तयार झालं, मटका तापला. मालक अजून आला नव्हता, म्हणून मी झोळीपाशी जाऊन सान्वीच्या काखेत थर्मामीटर लावलं. वाट पाहिली. काढलं, पदरानं पुसलं, चुलीपाशी उजेडात येऊन आकडा पाहत होते आणि मान वर केली तर समोर मालक!

"टाका रोटी," तो म्हणाला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. "हे काय?"

मी म्हटलं, "थर्मामीटर."

"ते दिसून राह्यलं. किती आहे?"

"नव्व्याण्णव."

"मग?"

"शंभराच्या आत आहे. टाकते मी रोटी."

"अन् वर असतं तं?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी त्या वेळी सुचलं नसतं. "तर चूल विझवून घरी गेले असते."

त्यानं परातीकडे पाहिलं. मटक्याकडे पाहिलं. लाकडाच्या ढिगाकडे पाहिलं. मग आचाऱ्याकडे वळून मोठ्यानं ओरडला, "पाह्यलं का बे! तीन बाया येऊन गेल्या, एकीनं बी पीठ मोजून टाकलं नाई. हे बाई थर्मामीटर घेऊन आली! याले म्हणते क्वालिटी!"

आचारी म्हणाला, "पिठाले बी ताप येते का मालक?"

"तू गप राय. तुले काय समजते?"

पहिली रोटी फाटली. संपलं, असं वाटलं. दुसरी नीट पडली, तिसरी तर मटक्याखाली लोंबली इतकी लांब झाली. मालकानं उभ्या उभ्याच खाल्ल्या. पाणी प्याला. मिशा पुसल्या.

"बुधवार, शनिवार, रविवार," तो म्हणाला. "दुपारी चारपासून. वर्षभर. पण एक अट आहे माही."

"कोणती?" मी विचारलं.

"दर तासाले हे मोजाचं. माह्यासमोर. अन् शंभराच्या वर गेलं तं कोणाले विचारत बसाचं नाई. गिऱ्हाईक बसलं असन तरी चूल तशीच सोडून निघाचं. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं.

तो आत निघाला. जाता जाता त्यानं पायानं कूलर ढकलला आणि त्याचं तोंड झोळीकडून भिंतीकडे फिरवलं.